काळा निखारा

काच हातात घेऊन लोहारमामांनी पहिला प्रश्न विचारला, "भट्टी विझली होती का तेव्हा?"

भट्टी विझली नव्हती. भाता जोरात चालू होता, सांडशीतली पट्टी लालभडक झाली होती आणि तिची धग मला तीन हातांवरूनही सोसत नव्हती. पण दारातून येणाऱ्या उन्हात मी घेतलेल्या फोटोत ऐरणीवरची पट्टी काळी ठिक्कर होती. गेल्या आठवड्यापासून तिथेच पडून असावी तशी.

मी जुन्या फोटोंच्या जतनाचे काम करतो. एखादी काच नीट सांभाळायची तर ती कशी घडली हे हातांना ठाऊक हवे, असे माझे मत आहे. म्हणून कोलोडियनच्या ओल्या काचा मी स्वतः बनवतो. ही रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. आम्लात मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, तो चिकट द्रव काचेवर पसरायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत तिच्यावर हिराकसाचे पाणी ओतून चित्र उमटवायचे. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. या काचेला उजेडातला निळा-जांभळा भागच काय तो कळतो. लाल रंग तिच्या लेखी अंधार. तापलेले लोखंड लाल आणि नारिंगी उजेड भरभरून देते, निळा मात्र जवळजवळ देतच नाही.

मामांना हे समजावून सांगताना व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, ब्रिटनच्या लोखंडाचे किती तरी फोटो माझ्या डोळ्यांपुढून गेले. लोखंडाच्या कारखान्यात सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते ती आग. चित्रकारांनी ती मनसोक्त रंगवली. लूदरबर्गने १८०१ मध्ये रंगवलेल्या कोलब्रुकडेलच्या रात्रीत सगळे आकाश भट्टीच्या उजेडाने पेटलेले आहे. पुढे पन्नास वर्षांनी कोलोडियनची काच आली, पण नेमकी ही आग तिच्या हाती येईना. कारखान्याच्या आत काजळलेले छप्पर आणि अंधार. माणूस हलला की पुसला जाई, काही सेकंदांत धुराचा नुसता धुरळा होई. कोळशाची धूळ ओल्या काचेवर बसली की प्रत्येक कणाचा एकेक ठिपका. आणि ईथरची वाफ ठिणगीला किती लवकर पेट घेते, हे ज्याने ती बाटली उघडली आहे त्याला सांगावे लागत नाही. भट्टीजवळ तंबू ठोकून काच ओली करण्याची कल्पना करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून त्या काळचे फोटोग्राफर गार लोखंडाकडे वळले. टॅलबॉटने १८४५ च्या सुमाराला, कोलोडियनच्याही आधी, आपल्या कागदी निगेटिव्हवर टेम्सवरचा हंगरफर्डचा झुलता पूल टिपला. डेलामोटने सिडनहॅमला लोखंड-काचेचा क्रिस्टल पॅलेस पुन्हा उभा राहताना खांबा-खांबाने नोंदवला. लोखंड कसे जन्मते ते नव्हे, जन्मल्यावर ते कुठे जाऊन उभे राहते, ते या फोटोंत सापडते.

त्यातला सर्वांत गाजलेला फोटो रॉबर्ट हाउलेटचा, नोव्हेंबर १८५७ मधला. मिलवॉलच्या गोदीत 'ग्रेट ईस्टर्न' हे ६९२ फूट लांबीचे लोखंडी जहाज पाण्यात लोटायची तयारी चालली होती. त्याचा इंजिनिअर इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल साखळदंडांसमोर उभा आहे. हात खिशात, तोंडात सिगार, डोक्यावर उंच हॅट, विजारीला चिखल. बहुतेकांची नजर त्याच्या चेहऱ्यावर थांबते. माझी मात्र साखळदंडांवर जाते. जहाज आडवे घसरत पाण्यात जायचे होते. ते भलत्याच वेगाने सुटू नये म्हणून त्याला आवरायला हे साखळदंड मोठमोठ्या पिंपांवर गुंडाळलेले होते. ३ नोव्हेंबरला जहाज जरासे सरकले आणि अडून बसले. हायड्रॉलिक दाबयंत्रांनी इंच-इंच ढकलत ३१ जानेवारी १८५८ ला ते कसेबसे तरंगले. आवरायच्या साखळ्या तयार होत्या, पण जहाजच हलत नव्हते. त्या माणसाच्या उभे राहण्यात मला ती तगमग दिसते. तांबूस गंजही कोलोडियनला काळाच दिसतो, म्हणून त्या कड्या इतक्या जड वाटतात, असा माझा अंदाज आहे. हाउलेट पुढच्याच वर्षी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. ब्रुनेल १८५९ मध्ये. हेच जहाज १८७० मध्ये मुंबईला आले आणि मुंबई ते एडन अशी तार समुद्राच्या तळाशी टाकत गेले.

ब्रुनेलपेक्षाही मला जास्त अडवून धरतात ते छोटे फोटो. दक्षिण वेल्समधल्या ट्रेडेगर गावात डब्ल्यू. क्लेटन नावाचा फोटोग्राफर होता. १८६५ च्या सुमाराला त्याने लोखंडाच्या कारखान्यात राबणाऱ्या बायकांना आपल्या स्टुडिओत उभे केले आणि तळहातावर मावतील अशा पुठ्ठ्यांवर ते फोटो विकले. जाड बूट, कामाचे कपडे, चेहऱ्यावर हसू नाही. स्टुडिओत गार हवा आणि वरून येणारा निळसर उजेड, म्हणजे कोलोडियनला हवा तसाच. बायका कामावरच्या वेशात आहेत, पण काम कुठेच नाही. भट्टी त्या अंगावरच्या कपड्यांतूनच ओळखायची. आर्थर मनबी नावाच्या वकिलाने कष्टकरी बायकांचे असे फोटो आयुष्यभर जमवले आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला दिले. त्या फोटोंची पेटी १९५० पर्यंत उघडायची नाही, अशी अट घालून. त्याने स्वतः एका मोलकरणीशी, हॅना कलविकशी, गुपचूप लग्न केले होते. त्याच्या नजरेबद्दल आज बरेच उलटसुलट लिहिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. तरी त्याने ते पुठ्ठे विकत घेऊन सांभाळले नसते तर हे चेहरे आपल्यापर्यंत आलेच नसते.

ट्रेडेगरहून जवळच, मर्थर टिडफिलला, कव्हार्थव्हाच्या प्रचंड कारखान्याचा मालक रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशे स्वतः हौशी फोटोग्राफर होता. ज्याच्या दारात भट्ट्या धडधडत होत्या, तो पुन्हा पुन्हा फोटो काढत राहिला तो आपल्या मुलीचे, रोझ हॅरिएटचे. वेगवेगळे वेश देऊन, तासन्‌तास उभे करून.

काचेला पिवळे-लाल दिसू लागले ते १८७३ मध्ये फोगेल या रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्यांची युक्ती शोधल्यानंतर, हळूहळू. तोवर लोखंडाचा उद्योग कॅमेऱ्यापुढे गारच राहिला.

मामा माझे ऐकत होते. मग त्यांनी त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवले. "आणि ही काच धुतलीत ते हिरवट पाणी?"

"हिराकस."

"म्हणजे लोखंडच की."

लोखंडच. गंधकाच्या तेजाबात विरलेले. तेच ओतल्यावर काचेवरची चांदी जागी होते, म्हणजे त्या काळची कित्येक चित्रे लोखंडानेच उमटवलेली आहेत. इतकी वर्षे रोज हाताळूनही हे मला असे उलगडले नव्हते.

दुसरी काच ओली करायला मी तंबूत शिरलो. बाहेर येऊन पाहतो तर मामा भाता थांबवून, घण खांद्यावर टाकून उन्हात येऊन उभे होते. डोक्याला मागून टेकू लावला आणि आठ सेकंद हलू नका म्हणालो. ते हलले नाहीत.