दुखणं म्हशीला, औषध पखालीला

ही म्हण ज्याने कुणी काढली त्याच्याकडे स्पोर्ट्स कार नक्कीच नसणार. पण गेल्या दोन महिन्यांत माझ्या गाडीच्या ब्रेकचं जे रामायण झालं, त्याला याहून नेमकं नाव मला तरी सुचत नाही.

माझ्याकडे १९९९ सालची माझदा मियाटा आहे. युरोपात हिलाच एमएक्स-५ म्हणतात. दोन सीट, कापडी टप आणि वजन जेमतेम हजार-अकराशे किलो. सोमवार ते शुक्रवार मी हापिसात सर्व्हर सांभाळतो आणि महिन्यातला एखादा वीकांत लागुना सेकाला घालवतो. कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ १९५७ साली सुरू झालेला हा ट्रॅक साधारण ३.६ किलोमीटरचा आहे आणि त्यात ११ वळणं आहेत. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटं मनसोक्त गाडी हाणायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. बायकोच्या मते अक्कलही नाही :)

तर झालं असं. पिटसमोरच्या सरळ पट्ट्यावरून ताशी दीडशेच्या वर वेग गेलेला, समोर दुसरं वळण (हे जवळजवळ उलट फिरवणारं डावं वळण आहे), मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल निम्म्यापर्यंत खालीच गेलं! पोटात खड्डा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा दाबलं तर एकदम दगडासारखं घट्ट. वळण निभावलं, पण पुढची फेरी मी आजीला देवळात नेतात तशी चालवली.

गाड्या उभ्या करतात तिथे सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणाला, ब्रेकचं तेल उकळलं. दुसरा म्हणाला, मोठे कॅलिपर बसव. दोघंही अनुभवी, आणि तेल उकळणं खरंच नेहमीचं दुखणं आहे. पण डॉट ४ चं ताजं तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, आणि मला हे दुसऱ्याच फेरीत जाणवलं होतं. इतक्यात ब्रेक तेवढे तापत नाहीत. शिवाय तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं लागत राहतं. माझं दुसऱ्या दाबाला ठणठणीत होतं.

मग आपला नेहमीचा धंदा. सर्व्हर कोसळला की आधी लॉग बघतो, तसं वहीत लिहून काढलं, कुठल्या वळणाला पेडल खोल जातं आणि कुठे नाही. दुसऱ्या आणि आठव्या वळणाला जातं, पाचव्या आणि अकराव्याला नाही. आता गंमत बघा. दुसऱ्याच्या आधीचं मोठं वळण अकरावं, ते डावं. आठव्याच्या आधीचं मोठं वळण सहावं, तेही डावं. पाचव्या आणि अकराव्याच्या आधीची मात्र उजवी. म्हणजे गाडी जोरात डावीकडे वळली, की त्यानंतरच्या ब्रेकला गडबड. डावीकडे वळताना भार येतो उजव्या चाकांवर. संशयित सापडला!

हा प्रकार असा असतो. चाक ज्या हबवर बसतं त्यात बेअरिंग असतं. ते झिजलं की वळणात भाराखाली हब किंचित कलतो. त्याच्याबरोबर ब्रेकची डिस्क कलते आणि ती पॅडना मागे ढकलते. तुमचा पहिला दाब ती फट भरण्यातच खर्च होतो. म्हणजे ब्रेक बिचारे धडधाकट, दुखणं बेअरिंगचं. खात्री करायला पुढच्या सत्रात मी सरळ पट्ट्यावरच डाव्या पायाने पेडलला हलकीशी टिचकी मारून ठेवली. दुसऱ्या वळणाला पेडल घट्ट! तेलही तेच, पॅडही तेच.

घरी येताना १०१ महामार्गावर आणखी एक साक्षीदार भेटला. ट्रॅकवर हेल्मेटमध्ये ऐकू न येणारी एक घूंऽऽ अशी घरघर. क्लच दाबून इंजिन मोकळं सोडलं तरी तशीच, म्हणजे इंजिनाची नाही. गाडी हळूच डावीकडे नेली की वाढते, उजवीकडे नेली की कमी होते. ही चाचणी तुमच्या रोजच्या गाडीलाही चालते, फक्त रस्ता मोकळा असताना करा.

शनिवारी गाडी जॅक स्टँडवर चढवली. पुढचं उजवं चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. टक्, टक्. बायकोला आत बसवलं.

"अगं, ब्रेक दाबून धर."

"दाबलाय. किती वेळ?"

ब्रेक दाबल्यावर टक् टक् बंद. बॉल जॉइंट सैल असता तर ती चालूच राहिली असती. मग डायल गेज लावलं. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा ०.०५ मिलिमीटर, उजवीकडे भरलं ०.११, डावीकडे ०.०३. केसाच्या जाडीएवढ्या या फरकाने माझी झोप उडवली होती.

यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही हं. चिकट टायरवर, जोरदार वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर चारशेच्या वर किलो भार येतो. टायर जवळजवळ तेवढ्याच जोराने बाजूलाही ढकलतो, तेही हबच्या मध्यापासून २९ सेंटिमीटर खालून. भाजी आणायला बनवलेल्या बेअरिंगवर एवढी मोठी तरफ! आणि हा ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेचा, डावी वळणं जास्त. उजवं आधी जाणारच.

दुरुस्ती त्यामानाने सोपी. पुढे बेअरिंग हबमध्येच असतं, त्यामुळे अख्खा हब बदलायचा. कॅलिपर काढून तारेने टांगला (होजवर लोंबकळू द्यायचा नाही), डिस्क काढली, मधली टोपी काढली, नटची ठोकलेली कड छिन्नीने उचलली आणि २९ चा सॉकेट लावला. जुना हब हातात फिरवला तर आत वाळू असल्यासारखा करकरला. नवीन हब, नवीन नट, टॉर्क रेंचने पुस्तकात दिल्याप्रमाणे घट्ट केला आणि नटची कड खाचेत ठोकली. दोन तास. डाव्या बाजूला हातही लावला नाही, कारण आकडा सांगत होता की गरज नाही.

पुढच्या ट्रॅक डेला बायको पहिल्यांदाच शेजारी बसायला तयार झाली. ही अट माझीच होती, हब बदलल्याशिवाय तिला बसवायचं नाही. कारण सैल बेअरिंग तसंच दामटलं तर शेवटी प्रश्न पेडलचा राहत नाही, चाक जागेवर राहील का याचा होतो. मोठ्या ब्रेकवर हजार-दोन हजार डॉलर उडवून मी तिला निर्धास्तपणे बसवलं असतं, तर म्हैस आजारीच राहिली असती आणि पखाल मात्र चकचकीत.

आता वहीत एक नवीन रकाना आहे, हबने ट्रॅकवर काढलेले तास. रस्त्यावर जी वस्तू गाडीच्या जन्माला पुरते, ती ट्रॅकवर पॅड आणि टायरसारखी खर्चाची वस्तू होते. दर वेळी निघण्याआधी पाच मिनिटं, बारा आणि सहा. तुम्हीही करून बघा.

इत्यलम्!