मक्याच्या बुरकुंडांचे गाव

बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना निपाणी जवळ आली, की पूर्वी एस्टीच्या खिडकीतून तंबाखूचा उग्र दर्प आत येत असे. निम्मे उतारू नाकाला पदर लावीत, तर निम्मे मुद्दाम खोल श्वास घेत. आमचे वडील या दुसऱ्या वर्गातले. त्यांना पाईपचा शौक होता. संध्याकाळी आरामखुर्चीत बसून पाईप झटकणे, कोरणे, तंबाखू बोटाने हळूच दाबणे हा सगळा सोहळा ते पूजेइतक्या निगुतीने करीत. शेवटची दोन वर्षे मात्र खोकल्याने त्यांना जिन्याच्या चार पायऱ्याही चढू दिल्या नाहीत. त्यांचा तो पाईप अजून आमच्या कपाटात आहे.

म्हणूनच, अमेरिकेत सेंट लुईसला मुलीकडे गेलो असता, "जवळच मक्यापासून पाईप करणारे एक गाव आहे," असे तिने सांगताच आमची पावले आपोआप तिकडे वळली.

गावाचे नाव वॉशिंग्टन. पण हे राजधानीचे नव्हे, मिसुरी राज्यातले. सेंट लुईसच्या पश्चिमेला सुमारे पन्नास मैलांवर, मिसुरी नदीच्या दक्षिण तीरावर ते वसले आहे. आगगाडी थेट नदीकाठी उतरवते. समोर संथ, गढूळ पाण्याचे विस्तीर्ण पात्र, मागे जर्मन वसाहतकऱ्यांनी बांधलेली लाल विटांची घरे, आणि रुळांच्या शेजारीच पाईपचा तो जुना कारखाना.

त्याचा उगम मोठा गमतीचा सांगतात. हेन्री टिबी नावाचा एक हॉलंडकडचा कातारी येथे येऊन स्थायिक झाला होता. कणसाचे दाणे काढल्यावर उरणारे बुरकुंड कोरून एका शेतकऱ्याने स्वतःपुरता पाईप केला आणि तो नीट कातून द्यावा म्हणून टिबीकडे आणला. टिबीला त्यात धंदा दिसला. कारखाना आपला आरंभ १८६९ सालचा मानतो. बुरकुंडाची छिद्रे प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवून ते गुळगुळीत करण्याच्या युक्तीचे पेटंट त्याने १८७८ साली घेतले. तुर्कस्तानात सापडणाऱ्या मीरशॉम नावाच्या पांढऱ्या, हलक्या खनिजाचे पाईप श्रीमंत लोक ओढीत. त्यावरून या गरिबाच्या पाईपला 'मिसुरी मीरशॉम' असे भारदस्त नाव मिळाले. पुढे जनरल मॅकआर्थरच्या तोंडातील पाईपमुळे ते जगभर पोहोचले.

आजच्या संकरित मक्याचे बुरकुंड बारीक निघते. म्हणून जाड बुरकुंडाचा मका कारखाना मुद्दाम पिकवतो. बुरकुंडे सुमारे दोन वर्षे वाळत ठेवून मगच कातायला घेतात. आपल्याकडे जे चुलीत जाते, त्याचा येथे असा थाट पाहून आम्हांला नवल वाटले.

कारखान्याच्या दुकानाबाहेर बाकावर एक वृद्ध गृहस्थ पाईप ओढीत बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, बोलके. "तुमच्या तंबाखूवरचा कर वाढवा, असे म्हणतात ना?" आम्ही विचारले. त्यांनी खिशातून तंबाखूचा दोन औंसांचा डबा काढून आमच्या हातावर ठेवला आणि मास्तरकीला साजेशा शिस्तीने सगळा हिशेब मांडला.

२००९ सालच्या मार्चअखेरपर्यंत पाईपची तंबाखू आणि हाताने सिगारेट वळण्याची तंबाखू या दोहोंवर केंद्राचा कर सारखाच, पौंडाला सुमारे १ डॉलर १० सेंट होता. मुलांच्या आरोग्यविम्यासाठी पैसा हवा म्हणून त्या वर्षी १ एप्रिलपासून वळायच्या तंबाखूवर २४ डॉलर ७८ सेंट, तर पाईपच्या तंबाखूवर अवघे २ डॉलर ८३ सेंट कर बसला. व्यापाऱ्यांनी काय केले? तीच तंबाखू थोडी जाड कापली आणि पुड्यावर 'पाईपची' असे छापले! जानेवारी २००९ मध्ये 'पाईपची' म्हणून महिन्याला सुमारे २ लाख ४० हजार पौंड तंबाखू खपत होती. सप्टेंबर २०११ मध्ये तो आकडा ३० लाखांवर गेला. पाईप ओढणारे काही एवढे वाढले नव्हते. सरकारी हिशेबतपासनिसांनी ही पळवाट दाखवली आणि दोन्ही कर समान करावेत अशी शिफारस केली. तेव्हापासून तसे प्रस्ताव संसदेत वरचेवर येत राहिले आहेत.

"या डब्यावर आज पस्तीस सेंट कर आहे. समान झाला तर तीन डॉलर दहा सेंट होईल," ते म्हणाले. "मी तेवढे देईन. पण शनिवारी आम्ही सात-आठ म्हातारे ज्या छोट्या दुकानात जमतो, ते दुकान टिकेल का? दुसऱ्यांनी आमचे नाव चोरले, आणि दंड मात्र आम्हांला!"

आम्ही त्यांना वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांविषयी सांगितले. ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझे डॉक्टरही तेच सांगतात. मुलांच्या औषधासाठी कर घ्या, याला माझी ना नाही. फक्त माझी गणना त्या लबाडांत करू नका."

परतीच्या गाडीत आम्ही त्याच विचारात होतो. धूर कोणत्याही नावाने ओढला, तरी फुप्फुसांना तो सारखाच. मग करात भेद कशाला, हे म्हणणे खोडता येत नाही. पण पुड्यावरच्या छापावर कर बसवला की छाप बदलतो आणि सरळ माणूस नाडला जातो, हेही तितकेच खरे. सुपाऱ्यांच्या ढिगात चार वेलदोडे सापडावेत आणि सगळ्यांचे एकाच मापाने वजन व्हावे, तशी या मूठभर शौकिनांची गत झाली आहे.

येताना आम्ही बुरकुंडाचा एक पाईप घेतला. तो आता वडिलांच्या पाईपशेजारी कपाटात असतो. त्यात तंबाखू कधीच भरली जाणार नाही. कपाट उघडले, की त्या दोहोंतून आपल्या माणसाची आठवण येते, आणि तिच्या पाठोपाठ त्याचा खोकलाही ऐकू येतो.