दुभाषी आणि ‘आम्ही’

बर्लिनहून आमच्या कन्येचे पत्र आले आहे. १९८० च्या करारान्वये व्हिएतनाममधून पूर्व जर्मनीत कामास गेलेल्या स्त्रियांच्या मुलाखती तिला घ्यावयाच्या आहेत. १९८९ साली असे सुमारे ६०,००० व्हिएतनामी कामगार तेथे होते. व्हिएतनामीचे जर्मन करणारी दोन माणसे तिने पाहिली आहेत. एक गृहस्थ न्यायालयाच्या कामात मुरलेले. दुसरी अशाच कामगारांच्या घरची तरुणी, परंतु मध्येच थांबून शंका विचारणारी. “बाबा, कोणास घेऊ?”

ती लिहिते, व्हिएतनामीत समोरच्याचे वय जाणल्याखेरीज बोलणेच सुरू होत नाही. थोरली बहीण, धाकटे भावंड अशी नातीच सर्वनामांचे काम करतात. ‘चुंग तोय’ म्हणजे आपले ‘आम्ही’ आणि ‘चुंग ता’ म्हणजे ‘आपण’. जर्मनमध्ये मात्र दोहोंस ‘वीर’ हा एकच शब्द. बर्लिनलाच शिकलेल्या इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ साली भारतीय नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिताना देशाचे विभाग भाषांनुसार पाडले, ते उगीच नव्हे.

पत्र वाचून आम्हांस चंदीगडातील आमचे पहिले वर्ष आठवले. नव्या शहराने वेढलेल्या बुडैल गावी आम्ही एका पाहणीसाठी गेलो होतो. पंजाबी येत नसल्यामुळे एक हुशार कारकून बरोबर घेतला होता. एक वृद्धा म्हणाली, “असीं तां एत्थे ही रहणा ए.” कारकुनाने हिंदी केले, “हमें तो यहीं रहना है.” आमच्या मनाने त्याचे ‘आपल्याला येथेच राहावयाचे’ असे मराठी केले. घरापासून दूर पडलेल्या माणसास तो शब्द किती गोड लागला! ‘ग्रामस्थ नवागतांस आपले मानतात’ असे अहवालात लिहून आम्ही मोकळे झालो.

महिन्याभराने कारकुनाने सहज सांगितले, “साहेब, ती पुढे म्हणाली होती, तुमची बदली होईल, या चिखलात राहावयाचे ते आम्हांसच.”

“तेव्हाच का नाही सांगितलेत?”

“आपल्यासमोर ते बरे दिसले नसते.”

अहवाल तोवर वर गेला होता. दुरुस्तीचे पत्र धाडण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

कन्येस कळविले आहे: शंका विचारणारीस घे. तुला कडू लागेल तेही सांगावयाचे, हे तिला पहिल्याच दिवशी बजाव. प्रत्येक ‘वीर’पाशी थांबून त्यात तू आहेस की नाहीस, हे विचारून घे.

आमचा अहवाल कोठल्यातरी कपाटात असेल. त्यात ती वृद्धा अजून आमच्याशी गोड बोलत आहे.