एक मिलिग्रॅम तेल

करडईचं एक मिलिग्रॅम तेल म्हणजे काचनळीच्या तळाशी जेमतेम दिसणारा ओलसर ठिपका. त्याचे मिथिल एस्टर करून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडले की लिनोलेइक आम्लाचं शिखर सर्वांत उंच उठतं. पण एखाद्या नमुन्यात अनोळखी शिखर उशिरा आलं, तर कार्बनसाखळी लांब आहे की दुहेरी बंध जास्त आहेत? ध्रुवीय स्तंभावर दोन्हींमुळे उशीर होतो. अशा वेळी मी हायड्रोजनीकरण करते. दुहेरी बंध सगळे भरले की १८ कार्बनांच्या सरळ साखळ्या मिथिल स्टिअरेटच्या एकाच जागी येतात आणि सांगाडा उघडा पडतो.

वनस्पती तुपाच्या कारखान्यात हीच अभिक्रिया निकेलवर, टनांनी व्हायची. तिथे ती मध्येच थांबवत, म्हणून ट्रान्स बंध उरत. मला अर्धवट काहीच चालत नाही. मी ॲडम्सचा उत्प्रेरक, म्हणजे प्लॅटिनम ऑक्साइड घेते. मिथेनॉलमधली तपकिरी पूड फुग्यातल्या हायड्रोजनने काळी पडली की जीव भांड्यात पडतो. गाळताना मात्र ती कोरडी होऊ द्यायची नाही. हवेत ती मिथेनॉलची वाफ पेटवते. नव्या विद्यार्थ्याला मी हे सर्वांत आधी सांगते.

खरी कसोटी अभिक्रियेची नसतेच. बोटांच्या ठशांत, साबणात पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं असतात, आणि आपण तयार करतो तीही हीच. सुरुवातीच्या नमुन्यात अशी भेसळ निदान वेगळी दिसते. हायड्रोजनीकरणानंतर ती उत्पादनात मिसळून जाते. म्हणून हातमोजे, हेक्सेनने विसळलेली काच, प्लॅस्टिकऐवजी काचेचं पिपेट, आणि तेल सोडून बाकी सगळं घातलेला एक ब्लँक प्रत्येक वेळी. ब्लँक नसलेल्या आकड्यावर मी सही करत नाही. गाळणीतली पूडही हेक्सेनने पुन्हा पुन्हा धुते. इतक्या थोड्या मालात तिला चिकटून राहिलेला अंशही मोठा असतो.

सगळं भरूनही एखादं शिखर जागचं हलत नाही. लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंच्या लिपिडांत हे होतं. तिथे दुहेरी बंधाच्या जागी तीन कार्बनांचं कडं असतं आणि मिथेनॉलमधल्या सौम्य हायड्रोजनीकरणाला ते सहसा दाद देत नाही. मग द्रावक बदलून असेटिक आम्ल घ्यायचं. त्यात प्लॅटिनमवर कडं उघडतं, मिथिल फांदी असलेल्या साखळ्या मिळतात, आणि त्या नव्या शिखरांवरून कडं होतं हे ठरवता येतं.