टाळ कुठे गेले?

मागचे दोन शनिवार-रविवार काहीच लिहून झालं नाही. कारण विचाराल तर गाडीचा टेप. म्हणजे खरं तर टेप हा शब्द आता कोणी वापरू नये, कारण कॅसेट मी स्वतः शेवटची कधी हातात धरली ते मलाही आठवत नाही. पण पनवेलमध्ये आजही नवीन गाडी घेतली की शेजारच्या काकू पहिला प्रश्न विचारतात, "एसी आहे? टेप आहे?" माझ्या गाडीच्या बाबतीत दोन्हीची उत्तरं लाजिरवाणी होती.

गाडी म्हणजे सेकंडहँड थार. नवीवाली नाही, जुनी. २०१० साली आलेल्या पिढीतली, ताडपत्रीच्या छपराची, मागे समोरासमोर बाकडी असलेली. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या वंशाची अगदी थेट नात शोभेल अशी. २०२० च्या नव्या थारमध्ये छतात स्पीकर आहेत, टचस्क्रीन आहे, सगळे लाड आहेत. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने डॅशबोर्डखाली पत्रा कापून दोन स्पीकर ठोकले होते. साठच्या पुढे स्पीड गेला की ते वाजतायत की बंद पडलेत हे फक्त हात लावूनच कळायचं.

बाबांनी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एक फेरी मारली, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाले, "इंजिन चांगलं आहे. बाकी गाडी कुठे आहे?"

बाबा तळोज्याला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये फिटर होते. एकतीस वर्षं. पत्र्यावर हातोड्यासारखे आपटणारे मोठमोठे प्रेस, दिवसभर. आमच्या घरात कुठलंही यंत्र बिघडलं की बाबा आधी ते उघडत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मिक्सर, पंप, माझी कॉलेजातली बाईक, सगळ्यांचं निदान असंच व्हायचं. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर मशीन बोलतं, ऐकणारा पाहिजे.

तर मी ठरवलं, आता सिस्टिम बसवायचीच. आणि एकदा इंजिनियर माणसाने वाचायला सुरुवात केली की तो थांबत नाही, हे तुम्हालाही माहीत आहेच.

पहिलं ज्ञान वॅटचं. कुठल्याही स्टिरिओच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ५० वॅट गुणिले चार. हा आकडा येतो कुठून? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकर चार ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले चार, म्हणजे जवळजवळ ५२. झालं! पण हे गणित चौकोनी लहरीचं आहे, म्हणजे आवाज पूर्ण फाटल्यावरचं. स्वच्छ सुरासाठी त्याच्या निम्मे, २६, आणि त्यातूनही चिपमध्ये जे वाया जातं ते वजा करा. म्हणजे हातात उरले अठरा-वीस. खोटं कोणी बोललेलं नाही, फक्त खरं कोणी सांगितलेलं नाही. (आमच्या कंपनीत रिलीजच्या आधी परफॉर्मन्सचे आकडे असेच काढतात, पण तो विषय वेगळा.)

दुसरं ज्ञान जास्त महत्त्वाचं. बंद गाडीत खालचे सूर आपोआप फुगतात, कारण डबा लहान असतो आणि हवा कोंडलेली असते. ताडपत्रीच्या जीपमध्ये तो फायदा शून्य, सगळा बास झिपच्या फटीतून पनवेलकरांच्या सेवेला. शिवाय स्पीकर नुसता पत्र्याला लटकवला तर त्याच्या पुढची लहर आणि मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात. त्याला डबा लागतोच. आणि वर पाऊस! जूनमध्ये माथेरानच्या डोंगरावरून पाऊस उतरला की आमच्याकडे ताडपत्री ही फक्त एक भावना असते. म्हणून बोटीवर वापरतात तसले, पाण्याला दाद न देणारे स्पीकर घेतले. दोन पुढे, दोन मागे रोल बारवर डब्यांत, पुढच्या खांबांवर दोन ट्वीटर, सीटखाली चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर. फरशीवर आणि दारांच्या पत्र्यावर डॅम्पिंगचे चिकट तक्ते लावले. एकूण खर्च आईला अर्धा सांगितला आहे, त्यामुळे इथेही सांगत नाही.

तक्ते लावायच्या आधी फोनवरच्या अ‍ॅपने आवाज मोजला होता. उरण नाक्यावरून निघून पळस्पे फाट्याच्या पुढे गोवा हायवेवर ऐंशीचा स्पीड पकडला तर ८६-८८ डेसिबल. टेप बंद असताना! यावर गाणं ऐकू यायचं तर ते पंच्याण्णवच्या घरात पाहिजे. तेव्हा हा आकडा मी एका वहीत लिहिला आणि पुढे गेलो. त्याच्याकडे नीट बघितलं नाही.

वायरिंग गावातल्या एका दुकानात करून घेतलं आणि शुक्रवारी रात्री गाडी घरी आणली. शनिवारी सकाळी उद्घाटन. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, भीमसेनांचे अभंग लावले. मला तर पहिल्या मिनिटालाच गहिवरून आलं. तानपुरा डावीकडे, टाळ मधोमध, अगदी समोर कोणीतरी बसून वाजवतंय असे.

बाबांनी पाच मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "पेटी छान येते. टाळ कुठे गेले?"

"हे काय, वाजतायत ना."

"कुठे? आपल्या जुन्या टेपवर कसे खणखणीत यायचे. स्वस्तातले स्पीकर घेतलेस."

आता हे लागलं. स्वस्तातले?! पुढचा आठवडाभर ऑफिसातून आलो की रात्री पार्किंगमध्ये गाडीत बसून मी इक्वलायझर फिरवत होतो. ट्वीटरची दिशा बदलली. ट्रेबल इतका वाढवला की टाळ माझ्या दातांत वाजायला लागले. बाबांचं उत्तर तेच, "नाही रे. काहीतरी गुदमरल्यासारखं येतंय." एका रात्री तर मी चिडून म्हटलं, "बाबा, तुम्हाला खोडच काढायची असते." ते काही बोलले नाहीत, उतरून वर गेले.

त्यात दुसरी भानगड सुरू झाली. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक कुंईऽऽ असा आवाज. रेस दिली की तो सायरनसारखा वर चढत जायचा. हा अल्टरनेटरचा आवाज. त्याची लहर वायरिंगमध्ये शिरते, बहुतेक वेळा अर्थ नीट नसल्यामुळे. मी अर्थात बाबांना बोलावलं. घरात कुठलाही विचित्र आवाज आला की बाबांनाच बोलावतात.

मी रेस देत होतो, बाबा ट्वीटरला कान लावून.

"येतोय," ते म्हणाले. "बारीक आहे." मी रेस दिली. "गेला."

"गेला नाही बाबा, वाढला."

"रेस दिली की जातो. सोड... आता परत आला. दे रेस... गेला."

मी तीन वेळा केलं. तिन्ही वेळा माझ्यासाठी आवाज वर चढत गेला आणि बाबांसाठी नाहीसा झाला. आधी वाटलं गंमत करतायत. मग माझे हात स्टीअरिंगवरच राहिले.

हिशोब मी नंतर केला. माझ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना तो सूर साधारण १२०० हर्ट्झला असणार आणि रेस दिल्यावर साडेतीन-चार हजारांपर्यंत जाणार. म्हणजे मधे कुठेतरी बाबांचा रस्ता संपत होता.

इंजिन बंद केलं. फोनवर टोन वाजवायचं अ‍ॅप होतंच, स्पीकर तपासायला घेतलेलं. "जरा सिस्टिम चेक करतोय, आवाज आला की बोट वर करा," असं म्हटलं. २५०, बोट वर. ५००, वर. १०००, वर. २००० ला आवाज वाढवावा लागला. ३००० ला बराच. ४००० ला मी इतका आवाज केला की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून कोणीतरी खाली वाकून पाहिलं. बाबा शांतपणे समोर बघत बसले होते, बोट मांडीवर. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद पडलं वाटतं तुझं यंत्र." मग त्यांनी त्या गॅलरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि एकतीस वर्षं मशीनचं ऐकलेला माणूस, त्याला काय कळायचं ते कळलं.

"लाव परत," म्हणाले.

मी परत नाही लावलं.

कानाच्या तपासणीचा आलेख तुम्ही पाहिला आहे का? तो हुबेहूब इक्वलायझरसारखा दिसतो. आडवी फ्रिक्वेन्सी, उभे डेसिबल. बाबांची रेष हजारापर्यंत बरी चालते, मग कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते, ४००० ला तळ आणि ८००० ला किंचित वर येते. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या कानात खड्डा नेमका तिथेच पडतो. आतल्या केसासारख्या पेशी मरतात आणि परत उगवत नाहीत. तपासणाऱ्या बाईंनी एक वाक्य सांगितलं ते डोक्यातून जात नाही, "यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत." अ, आ, ओ हे खालचे सूर, ते ऐकू येतात. स, श, त, क, फ हे वरच्या पट्टीतले, ते गळतात. आई 'भात' म्हणते, बाबांना नुसता 'आ' ऐकू येतो आणि बाकीचं ते अंदाजाने भरतात. जसं नेटवर्क नसताना आपण भरतो.

मग एकेक जुनी गोष्ट मागे जाऊन जुळायला लागली. टीव्हीचा आवाज ३८ वर. फोनवर नुसतं "हं, हं". आई म्हणते ते "तुझे बाबा हल्ली माझं ऐकतच नाहीत", हा आमच्याकडचा कायमचा विनोद. आणि वडाळे तलावावरचा कट्टा. संध्याकाळी पाच-सहा जण जमायचे, बाबा रिटायर झाल्यापासून रोज जायचे. वर्षभरापूर्वी बंद केलं, म्हणाले गुडघे दुखतात. मी गुडघ्याचं तेल आणून दिलं होतं. पाच जण एकदम बोलायला लागले की बाबांना फक्त गलका ऐकू येत होता, आणि लोक हसले की ते अर्धा सेकंद उशिरा हसत होते. हे त्यांनी रिक्षात सांगितलं, दवाखान्यातून परतताना, रस्त्याकडे बघत.

मी विचारलं, कारखान्यात कानाला लावायला काही देत नव्हते का? आपल्याकडचा नियम आठ तासांना नव्वद डेसिबलचा आहे. "देत होते की," बाबा म्हणाले. "पण कानात बोळे घातले तर मशीन काय बोलतंय ते कळणार कसं?"

घरी येऊन मी ती वही काढली. ८६-८८, आणि त्यावर गाणं पंच्याण्णव. स्वतःच्या पैशाने, हौसेने, ब्युटाईलचे तक्ते लावून मी एक छोटा प्रेस शॉप बांधत होतो. आता हायवेवर टेप बंद. अगदीच राहवलं नाही तर साठच्या खाली.

अल्टरनेटरच्या आवाजाचं म्हणाल तर अर्थची वायर रंगाच्या थरावर आवळली होती. रंग खरवडला, आवाज गेला. दहा मिनिटांचं काम.

श्रवणयंत्र घ्यायला बाबा दीड महिना तयार नव्हते. चष्मा चालतो, कवळी चालते, कानात यंत्र म्हणजे म्हातारा! भांडणं झाली. मी एकदा आलेख दाखवून व्याख्यान दिलं, ते त्यांना नीट ऐकूच आलं नाही. शेवटी आईने जमवलं. कसं ते दोघंही सांगत नाहीत. दोन्ही कानांची मिळून किंमत माझ्या सिस्टिमच्या दुपटीहून जास्त (खऱ्या किमतीच्या, आईला सांगितलेल्या नव्हे). पहिले काही दिवस त्यांना पिशव्यांची कुरकुर आणि नळाचं पाणी सहन होत नव्हतं. जीपमध्ये तर माइकवर वारा आपटतो म्हणून काढूनच ठेवतात. कट्ट्यावर गेले दोन वेळा, यंत्र खिशात ठेवून. ते का, हे मी विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी नेऱ्यावरून गाढेश्वरच्या बाजूला गेलो होतो. धरणाजवळ गाडी उभी केली, समोर प्रबळगड अर्धा ढगात. बाबांनी खिशातून डबी काढून यंत्रं कानात बसवली आणि म्हणाले, "लाव तुझा तो अभंग." लावला. अर्धं मिनिट झालं असेल.

"टाळ जास्त झालेत. कमी कर."

ट्रेबल मी त्या रात्रीपासून तसाच चढवून ठेवलेला होता. कमी केला. अजून थोडा. मग ते मान डोलवायला लागले, म्हणून मी तिथेच थांबलो.

परत निघालो तेव्हा त्यांनी यंत्रं काढली नाहीत. कच्च्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये चाललो होतो, ताडपत्री गुंडाळलेली. अचानक म्हणाले, "टेप बंद कर." मी बंद केला. "पुढे घे. सावकाश. हं... मागचा क्रॉस वाजतोय. चिमणीसारखा."

मला काहीही ऐकू आलं नाही. सोमवारी सकाळी ऑफिसला दांडी मारून गॅरेजवर गेलो. त्याने गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने हलवला आणि खालूनच ओरडला, ग्रीस सुकलंय. तीनशे रुपये घेतले.