पाच शिट्ट्यांचा हिशेब

मैत्रिणींनो, शिट्ट्या मोजण्यात आपला हात कोण धरणार? डाळीला किती, बटाट्याला किती, आपल्याला झोपेतसुद्धा पाठ! पण माझ्या भाचीला गेल्या वर्षी शिट्ट्यांचा हिशेब अगदी नव्यानं शिकावा लागला. तिच्या शिट्ट्या कुकरच्या नव्हेत, बास्केटबॉलच्या रेफरीच्या.

ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. कॉलेजसाठी आमच्याकडे वैतरणा स्टेशनाजवळ राहते आणि रोज गाडीनं पालघरला जाते. उंची पाच फूट दहा इंच. वहिनींना तेव्हापासून स्थळांची काळजी, आणि हिला सवय लागलेली खांदे पाडून चालायची. कॉलेजातल्या सरांना मात्र ती उंची म्हणजे लॉटरीच वाटली. त्यांनी तिला 'सेंटर' केलं. सेंटर म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ ठाण मांडून खेळणारी, उसळलेला चेंडू झेलणारी, समोरचीला सहजासहजी गोल करू न देणारी.

पण तीन-चार सामने झाले आणि रोज संध्याकाळी एकच रडगाणं. "आत्या, मी खेळतच नाही गं, नुसती बाकावर बसते."

कारण फाऊल! या खेळात दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात आणि प्रत्येक खेळाडूला पाच फाऊल. पाचवा झाला की बाहेर, त्या सामन्यात परत येणं नाही. पहिल्याच दहा मिनिटांत दोन झाले की सर घाबरून तिला बाकावर बसवत, म्हणजे निदान शेवटाला तरी उरेल. शिवाय एका भागात संघाचे मिळून चार फाऊल झाले, की पुढच्या प्रत्येक फाऊलला समोरच्यांना दोन मोफत फेका मिळतात. एकीची घाई सगळ्यांना भोवते.

मग तिनं दुसरं टोक गाठलं. फाऊलच्या धास्तीनं अंग चोरून उभी राहायला लागली. समोरच्या मुली तिच्या नाकासमोर गोल करून जायच्या. हात लावला तर शिट्टी, न लावला तर बोलणी. एके दिवशी म्हणाली, "मी सोडते हा खेळ." वहिनींना फोनवर हायसं वाटलं, पण माझ्या पोटात गलबललं. अहो, केरळची गीतू ॲना जोस अशीच उंच, सेंटरच खेळणारी. रेल्वेकडून खेळली, भारताची कर्णधार झाली, ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळून आली, २०१४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या पोरीनंही रेल्वेतल्या खेळाडूंच्या नोकरीचं स्वप्न पाहिलेलं. ते असं बाकावर बसून विरायचं?

शेवटी सरांनी तिला नियमांचं पुस्तकच वाचायला लावलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली, म्हणून तुम्हाला सांगते. आधी येऊन रीतीनं उभ्या राहिलेल्या खेळाडूचा तिच्या जागेवर आणि तिच्या डोक्यावरच्या हवेवरही हक्क असतो. तिच्याभोवती धान्याच्या कोठीसारखा एक उभा, न दिसणारा डबा आहे असं समजा. त्या डब्यात राहून तिनं हात सरळ वर केले, अगदी सरळ वर उडी मारली आणि समोरची येऊन आदळली, तर दोष हिचा नाही. हात किंवा अंग डब्याबाहेर जाऊन समोरचीला लागलं, तर मात्र शिट्टी.

आपल्याला हे डहाणू लोकलच्या बायकांच्या डब्यात रोज दिसतं. कोपर मारणारीशी विरारलाच भांडण जुंपतं. पाय रोवून ताठ उभी राहिलेली बाई सफाळ्यापर्यंत आपली जागा राखते आणि कोणी तिला बोट दाखवू शकत नाही.

मग आमच्या अंगणात सराव सुरू झाला. दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू धरून ती आडवी सरकत राही, कारण हात मोकळे असले की ते पकडायला धावतात. भिंतीला पाठ लावून हात वर, आणि उडी भिंतीलगत सरळ. माझा मुलगा चेंडू घेऊन हुलकावण्या देई. चेंडू त्याच्या हातातून सुटेपर्यंत हिच्या टाचा जमिनीवर राहायला हव्यात! सगळ्यात अवघड धडा मात्र सोडून देण्याचा. समोरची पुढे निसटली तर मागून झडप घालायची नाही. दोन गुण गेले तर जाऊ देत, तू मैदानात राहा. ती मला म्हणाली, "आत्या, माझा पहिला फाऊल घाईचा असतो आणि दुसरा पहिल्याच्या रागाचा."

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी काढला, तेव्हा तर दोनच फाऊल झाले की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावं लागे. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं स्मिथ कॉलेजातल्या मुलींना तो शिकवला. मुली दांडगट होतील म्हणून लोक नावं ठेवतील, या विचारानं तिनं मैदानाचे तीन भाग केले आणि चेंडू हिसकावायला बंदी घातली. आज मुलींना मुलांइतकंच मैदान आणि तेच पाच फाऊल आहेत.

दिवाळीआधीच्या सामन्यात आमची पोरगी तीन फाऊलवर शेवटच्या मिनिटापर्यंत खेळली. संघ चार गुणांनी हरला, पण बास्केटखालची जागा तिनं सोडली नाही. हल्ली ती रस्त्यानंही खांदे ताठ ठेवून चालते. वहिनींची स्थळांची काळजी आहे तशीच आहे, तो भाग वेगळा!

तुमच्या घरी अशी उंच मुलगी असेल, तर तिला "वाकून चाल" म्हणू नका. सामन्याच्या दिवशी जड जेवण नको, दोन तास आधी पोळी-भाजी आणि बरोबर एखादं केळं पुरे. आणि ती घरी आली, की किती गुण केलेस हे नंतर विचारा. आधी विचारा, किती मिनिटं खेळलीस?