ऐकण्याआधीचे शब्द

जालन्यात 'मेटल' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिल आणि ट्रकवर लादलेल्या सळ्या येतात. या शहराला पोलाद ठाऊक आहे, बियाणे ठाऊक आहे, मोसंबी ठाऊक आहे. 'प्रोग्रेसिव्ह मेटल' नावाचा एक संगीतप्रकार इथे आवडीने ऐकला जातो, असे सांगितले तर सहकाऱ्यांना ती थट्टा वाटते. पण तो ऐकणारे चार-पाच जण इथे आहेत आणि मराठीचा अध्यापक असूनही मी त्यांतला एक आहे. फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रात्रीविषयी मला लिहायचे आहे. खरे तर त्या रात्रीच्या निमित्ताने माझ्या एका जुन्या अप्रामाणिकपणाविषयी लिहायचे आहे.

हा संगीतप्रकार अनेकांना अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगायला हवे. हेवी मेटलचा जोर कायम ठेवून त्यात प्रदीर्घ रचना, सतत बदलणारी लय आणि कथासूत्राने बांधलेली गाणी आणण्याचा प्रयत्न १९८० च्या दशकात काही बँडनी केला. 'ड्रीम थिएटर' हा त्यांतला प्रमुख. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील जॉन पेट्रुची, जॉन म्युंग आणि माइक पोर्टनॉय या विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये तो सुरू केला. यांच्या रचनेत सात मात्रांचे आवर्तन कानाच्या अंगवळणी पडते न पडते तोच ते नऊ मात्रांचे होते. सम भलत्याच ठिकाणी सापडते आणि सापडल्यावर ती तिथेच असायला हवी होती असे वाटते. त्यांचा १९९२ चा 'इमेजेस अँड वर्ड्स' माझ्यापर्यंत सहा वर्षांनी पोहोचला, तोही औरंगाबादच्या वसतिगृहात, अभियांत्रिकीच्या एका मुलाने भरून घेतलेल्या कॅसेटमधून. तिला मुखपृष्ठ नव्हते, गाण्यांची नावे बॉलपेनने लिहिलेली होती आणि त्यांतली दोन चुकीची होती. त्या संगीताविषयी एक शब्दही वाचलेला नसताना मी ते ऐकले. त्यातले निम्मे कळले नाही, हेही खरे.

सप्टेंबर २०१० मध्ये ड्रमवादक पोर्टनॉय बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या माइक मँजिनीसह बँडने पाच स्टुडिओ अल्बम केले. २०२१ च्या अल्बममधील 'द एलियन' या गाण्याला ग्रॅमीही मिळाले. तरी चाहत्यांच्या बोलण्यात 'पोर्टनॉय असता तर' हे पालुपद टिकून राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो परतल्याची घोषणा झाली आणि मग नव्या अल्बमची प्रतीक्षा सुरू झाली. त्याचे नाव 'पॅरासोम्निया': झोपेत चालणे, किंचाळत उठणे अशा निद्राविकारांसाठी वैद्यकात असलेला शब्द. आठ रचना, सुमारे ७१ मिनिटे. तीन गाणी आधी आली. नंतर, अल्बम यायच्या आधीच, त्याची परीक्षणे यायला लागली.

आमच्या लहानशा गटात या परीक्षणांमुळे तट पडले. एकाने ती वाचायची नाहीत अशी शपथच घेतली. दुसऱ्याने झाडून सगळी वाचली. माझा एक माजी विद्यार्थी सळ्यांच्या कारखान्यात हिशेब पाहतो. त्याची रीत निराळी होती. "सर, विशेषणं सोडून वाचायचं," तो म्हणाला. कोणती रचना किती मिनिटांची, कोणती नुसत्या वाद्यांची, एवढे तो टिपून घेत असे. मी मात्र विशेषणेच टिपली. एका परीक्षणाचा एकंदर सूर असा होता की हा अल्बम सफाईदार आहे, पण सुरक्षित आहे. बँडने धोका पत्करलेला नाही. 'सुरक्षित' हा शब्द मला फार आवडला.

डिजिटल अल्बम आता बहुधा त्या त्या ठिकाणच्या मध्यरात्री प्रसिद्ध होतात. त्यामुळे ७ फेब्रुवारीचा शुक्रवार लागताच, न्यूयॉर्कच्या साडेदहा तास आधी, तो जालन्यात ऐकता येत होता. कॅसेटच्या काळातली सहा वर्षे आणि हे साडेदहा तास यांतली गंमत कुणाच्या ध्यानात येण्याआधीच त्या विद्यार्थ्याच्या गच्चीवरच्या खोलीत दिवा मालवला गेला. नियम एकच होता: शेवटपर्यंत कुणी बोलायचे नाही. बाहेरून अधूनमधून जड वाहनांचा आवाज येत होता. चौथ्या रचनेच्या सुमारास माझ्या लक्षात आले की मी संगीत ऐकत नसून 'सुरक्षित' या शब्दासाठी पुरावे गोळा करीत आहे. जिथे पुरावा मिळे तिथे मनातल्या मनात मान डोलवीत होतो. जिथे मिळत नसे तो भाग माझ्या कानांवरून नुसता वाहून जात होता.

जवळजवळ वीस मिनिटांची शेवटची रचना संपली. दिवा लागला. मला विचारले गेले, वयाचा मान म्हणून आधी मलाच. मी म्हणालो, "चांगला आहे, पण सुरक्षित वाटला."

"कुठं, सर?" विद्यार्थ्याने विचारले. त्याच्या आवाजात वाद नव्हता. तो जागा विचारत होता. ती सांगितली असती तर त्याने तेवढा भाग पुन्हा लावला असता. मला एकही जागा सांगता आली नाही.

हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. जुलै २०१० मध्ये भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' प्रकाशित झाली. 'झूल' १९७९ ची. म्हणजे नेमाड्यांची पुढची कादंबरी यायला एकतीस वर्षे लागली होती. या प्रतीक्षेची तीव्रता मराठीच्या विद्यार्थ्या-अध्यापकांना वेगळी सांगायला नको. पुस्तक हाती पडण्याआधीच त्याविषयीची मते हाती पडत होती. महिन्याभरात एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात मला 'हिंदू'वर बोलायचे होते. तोवर सहाशे पानांपैकी पहिली शंभर पाने माझी वाचून झाली होती. उरलेली पाचशे मी रविवारच्या पुरवण्यांतून उचलली. माझ्या भाषणातला कळीचा शब्द 'विस्कळीत' हा होता. प्रश्नोत्तरांत एक विद्यार्थिनी उठली. "सर, विस्कळीतपणा नेमका कुठे जाणवतो? मला तर खंडेरावाच्या आत्याचा शोध धरून ठेवतो असे वाटले." मी उत्तरलो, "हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे." टाळ्या पडल्या. ती खाली बसली. तिने कादंबरी वाचली होती आणि मी वाचलेली नव्हती, हे त्या सभागृहात बहुधा आम्हा दोघांनाच कळले.

गोष्ट तिथेच थांबली असती तर ती माझ्यापुरती राहिली असती. पुढे 'हिंदू'वरच्या प्रश्नाच्या उत्तरपत्रिकांत 'विस्कळीत' हा शब्द मला पानोपानी भेटू लागला. तो माझ्या टिपणांतून गेला होता. मी त्याला गुण देत होतो.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना मी वर्गात शिकवतो. वाचक कोऱ्या मनाने कृतीकडे येत नाही. आधीच्या कृतींनी त्याच्या मनात एक क्षितिज आखलेले असते आणि नवी कृती ते हलवते. गच्चीवरच्या त्या मुलांचे क्षितिज असेच घडले होते. बँडचे आधीचे पंधरा अल्बम त्यांच्या कानांत होते, म्हणून परीक्षण वाचणारा आणि न वाचणारा, दोघेही त्या रात्री खरोखर ऐकू शकले. माझे क्षितिज मात्र विशेषणांनी आखलेले होते. यात परीक्षणकर्त्याचा दोष नाही. त्याने अल्बम ऐकून तो शब्द मिळवला होता; मी तो आयता घेतला आणि त्याचा अनुभवही माझाच असल्यासारखा वागलो.

'हिंदू' मी पुढे पूर्ण वाचली, पण तो शब्द हातात धरूनच. त्या रात्रीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत ती पुन्हा वाचली. मत उलटेपालटे झाले असे म्हणणार नाही. काही ठिकाणी ती मला आजही विस्कळीत वाटते, आणि ती ठिकाणे आता मी दाखवू शकतो. अनेक ठिकाणी मात्र तो शब्द लागू पडत नाही. तिथे दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. अल्बमचेही तसेच. एका-दोन गाण्यांपुरता 'सुरक्षित' मी राखून ठेवला आहे; शेवटच्या रचनेवरून तो काढून घेतला.

यंदा वर्गात एक सराव-उत्तर लिहायला सांगताना मी अट घातली: कृतीविषयी वापरलेल्या प्रत्येक विशेषणापुढे पानाचा क्रमांक हवा. एरवी चार-चार पाने लिहिणाऱ्या एका मुलाने सात ओळी लिहून कागद परत दिला. खाली लिहिले होते, 'एवढेच वाचले आहे.' त्या सात ओळींना किती गुण द्यावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.